पट १४, वर्ग पाच, शिक्षक एक: कोकणातल्या शाळेत शिकवतंय कोण?

पाली म्हटलं की बहुतेकांना अष्टविनायकातला बल्लाळेश्वर आठवतो. ते पाली रायगड जिल्ह्यातलं. आपण बोलतोय रत्नागिरी तालुक्यातल्या पालीबद्दल. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या गावातून साखरपा आणि आंबा घाटमार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फुटतो.

शिक्षकांच्या गोष्टीत हा तिठा महत्त्वाचा आहे. रत्नागिरी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांचं घर घाटावर असतं. कुणाचं कोल्हापूर-सांगलीत, कुणाचं थेट मराठवाड्यात. शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्यांची घरची वाट याच रस्त्याने जाते. सोमवारी परत यायचं. आणि काही वर्षांनी, बदली झाली की, परत न येण्यासाठी जायचं.

दर काही महिन्यांनी कोकणातल्या एखाद्या शाळेचा व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर येतो. दाराला कुलूप, बाहेर पालक, हातात ‘शिक्षक द्या’ असा फलक. खाली दोन कमेंट हमखास असतात. पहिली: ‘शिक्षकांना गावात राहायलाच नको.’ दुसरी: ‘डी.एड. झालेली पोरं घरी बसलीत आणि शाळेत शिक्षक नाही, हे कसं काय?’

दोन्हींत थोडं खरं आहे. पण शिक्षक कुठून येतो, किती दिवस टिकतो, त्याला कोणत्या नावाने नेमलं जातं आणि शाळेला किती शिक्षक मिळणार हे कोण मोजतं, हे सगळं गेल्या पंचवीस वर्षांत बदललंय. ते समजून घेतलं, तर कुलूप का लागतं हेही समजतं.

थोडक्यात सांगायचं तर:

• शिक्षकांची भरती राज्यपातळीवर गुणवत्तेने होते, शाळा मात्र वाडीवर असते. त्यामुळे कोकण अनेकांसाठी नोकरीचं पहिलं ठिकाण ठरतं, कायमचं नाही.
• एकाच प्रकारचं काम करणारे शिक्षक वेगवेगळ्या पगारांवर आणि वेगवेगळ्या अटींवर नेमले गेलेत.
• शाळेला किती शिक्षक मिळणार हे मुलं मोजून ठरतं. छोट्या शाळेत मोजायला हवेत ते वर्ग.

गुरुजी, सर आणि मॅडम

गावाने शिक्षकाला काय म्हणायचं, यातच अर्धा इतिहास आहे.

‘गुरुजी’ गावात राहायचे. एका पिढीत तर व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी झालेले गुरुजीही होते. पुढे पीटीसी, मग डी.एड. आलं. कोकणातल्या अनेक गावांत पोस्टाची शाखाही गुरुजीच सांभाळायचे. मुंबईत गिरणीत असलेल्या चाकरमान्याची मनिऑर्डर आणि पत्र त्यांच्याच हातून घरी पोचायचं. वाचायला येत नसेल, तर ते पत्र वाचूनही दाखवायचे. त्यामुळे कोणत्या घरात काय चाललंय, कोणतं पोर का गैरहजर आहे, हे त्यांना विचारावं लागत नसे.

मग बाई आल्या, आणि हा बदल मोठा होता. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आलेल्या ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’मध्ये प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक महिला, असं सूत्र होतं. १९९४ मध्ये महाराष्ट्राचं महिला धोरण आलं आणि सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण मिळालं. केंद्र सरकारच्या ‘यू-डायस प्लस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात पहिल्यांदाच शाळा शिक्षकांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आणि त्यात ५४.२ टक्के महिला आहेत.

घरच्यांना मुलगी शाळेत पाठवताना बाई असल्याचा आधार वाटतो. पण नेमणुकीच्या व्यवस्थेने बाईंचा विचार तेवढा केला नाही. पावसाळ्यात पऱ्या ओलांडून जाव्या लागणाऱ्या वाडीवर एकट्या शिक्षिकेने भाड्याची खोली शोधायची कुठे? तिचा नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असेल, तर मूल कोणाकडे? म्हणून ती रत्नागिरी शहरात किंवा पालीसारख्या बाजारपेठेच्या गावात राहते आणि रोज स्कूटीने किंवा एसटीने ये-जा करते. यावरून २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत शिक्षक मुख्यालयी राहत नसल्याचा मुद्दा मांडला आणि राज्यभर वाद पेटला. नियम मुख्यालयी राहण्याचा आहे, हे खरं. वाडीवर राहण्याजोगं घर मिळत नाही, हेही तितकंच खरं.

काम एक, नेमणुका अनेक

आता शिक्षकांच्या खोलीत डोकावू. किंवा खोलीच नसेल, तर हजेरीच्या वहीत.

पहिला शिक्षक १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेला. त्याला जुनी पेन्शन. दुसरा त्यानंतर लागलेला. त्याला अंशदायी योजना. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले होते ते याच फरकावरून.

तिसरा ‘शिक्षण सेवक’. ही योजना २००० साली आली. नोकरी पक्की होण्याआधी तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करायचं. प्राथमिकचं मानधन सुरुवातीला महिना ३,००० रुपये होतं, नंतर ६,००० झालं. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये आहे. तीन वर्षं हा शिक्षक तेच वर्ग, तेच पेपर, तीच पोषण आहाराची नोंद सांभाळतो, पण पगार वेगळा.

चौथा सेवानिवृत्त शिक्षक. जुलै २०२३ मध्ये सरकारने निर्णय घेतला की रिकाम्या जागांवर ७० वर्षं वयापर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर तात्पुरतं घ्यावं.

पाचवा कंत्राटी. ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे नेमका शिक्षक दिनालाच, २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एका जागी निवृत्त किंवा डी.एड., बी.एड. झालेला बेरोजगार उमेदवार महिना १५,००० रुपयांवर घ्यावा, असा शासन निर्णय निघाला. विरोध झाला. त्याच महिन्यात २० ची मर्यादा १० वर आली. २५ सप्टेंबरला राज्यातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकीचा निर्णयच रद्द झाला. पाच महिन्यांत एकाच प्रश्नावर तीन भूमिका.

याशिवाय एक सहावा प्रकार आहे, जो जिल्हा परिषदेच्या वहीत दिसत नाही. बाजारपेठेच्या गावांतल्या खासगी इंग्रजी शाळांमध्ये शिकवणाऱ्या स्थानिक तरुणी. त्यांना भरतीत जागा मिळालेली नसते, किंवा घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात जाणं शक्य नसतं. या शाळांच्या गाड्या वाड्यावाड्यांतून मुलं उचलतात. तिथे चार मुलं गेली, की इथला पट चारने घसरतो.

या सगळ्यात मधली पिढीच विरळ झाली आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावरची बोगस मुलं उघड झाली. त्यानंतर मे २०१२ पासून शिक्षक भरती बंद झाली. २०१७ मध्ये ‘पवित्र’ पोर्टल आलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अभियोग्यता चाचणी झाली आणि त्यातून शिक्षक शाळेत पोचायला २०१९ उजाडलं. तब्बल सात वर्षं. या काळात डी.एड. झालेल्यांची उमेद खचली. पुढच्या मुलांनी डी.एड.कडे पाठ फिरवली आणि कॉलेजं ओस पडत गेली.

भरती इथे, घर तिथे

आता मूळ गुंत्याकडे येऊ.

जिल्हा परिषदेचा शिक्षक व्हायचं, तर डी.एड. आणि टीईटी हवीच. बी.एड. असलेल्यांना पहिली ते पाचवीला शिकवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. मग २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिचे गुण, आरक्षण आणि तुम्ही दिलेला पसंतीक्रम, यावरून पोर्टल ठरवतं की तुम्ही कोणत्या जिल्ह्यात जाणार. मुलाखत नसलेल्या जागांवर कुणाची शिफारस चालत नाही. पूर्वीच्या ‘पाकीट’ संस्कृतीच्या तुलनेत ही व्यवस्था कितीतरी स्वच्छ आहे.

पण तिचा एक परिणाम होतो. जिथे उमेदवार जास्त आणि जागा कमी, तिथला मुलगा आपल्या जिल्ह्यात बसत नाही. तो जागा जास्त असलेल्या जिल्ह्यात जातो. कोकणात जागा जास्त, कारण कोकणातून लोक जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यात २१,६७८ पदांसाठीच्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली. त्यात मराठवाडा-विदर्भातल्या कुणाला रत्नागिरी मिळालं, तर नोकरी मिळाल्याचा आनंद आणि घर सुटल्याचं दुःख एकाच मेसेजमध्ये आलं.

असा शिक्षक वाईट शिकवतो का? अजिबात नाही. कोकणातल्या शाळांना नाव मिळवून देणाऱ्यांत घाटावरून आलेले अनेक शिक्षक आहेत. पण आई-वडील म्हातारे होतात, जोडीदाराची नोकरी दुसरीकडे असते, आणि माणूस आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसतो. ती यादी लागली, की एकाच वेळी शेकडो शिक्षक कार्यमुक्त होतात. २०२३ च्या उन्हाळ्यात रत्नागिरीत हेच झालं. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा रिकाम्या जागांचा डोंगर उभा होता आणि स्थानिक डी.एड. धारकांना तुटपुंज्या मानधनावर तात्पुरतं बोलवावं लागलं.

म्हणजे चक्र असं फिरतं: भरती होते, बाहेरचा उमेदवार येतो, बदलीने जातो, जागा रिकामी होते, स्थानिकाला तात्पुरतं बोलावलं जातं, नवी भरती झाली की तो घरी जातो. जो वाडीवर राहायला तयार आहे त्याची नोकरी कच्ची, आणि ज्याची पक्की त्याचं घर दूर.

यावर सरकारने २०२३ मध्ये एक तोडगा काढला. नव्या भरतीतल्या शिक्षकांना आंतरजिल्हा बदलीचा हक्क राहणार नाही, असं धोरण ठरलं. याने गळती थांबू शकते. पण घरापासून पाचशे किलोमीटरवर आयुष्यभर, ही अट पंचविशीतल्या माणसाने मान्य केली तरी चाळिशीत पाळणं कठीण. शिवाय पुन्हा अभियोग्यता चाचणी देऊन घराजवळच्या जिल्ह्यात नव्याने लागण्याची धडपड करता येतेच. दार बंद केलं, तर माणूस खिडकी शोधतो.

मग स्थानिकांनाच का घेत नाहीत?

कोकणातल्या डी.एड. धारकांची ही जुनी मागणी. ती रास्त वाटते, पण कायद्याच्या भिंतीला धडकते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ नुसार सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा निवासाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. निवासाची अट घालायची, तर तो कायदा फक्त संसद करू शकते. राजस्थानने एकदा वेगळा मार्ग काढून पाहिला. तिथल्या जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षक भरतीत त्याच जिल्ह्यातल्या आणि ग्रामीण भागातल्या उमेदवारांना जादा गुण दिले. २००२ मध्ये कैलाशचंद शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. स्थानिक शिक्षकाला स्थानिक बोली कळते, हा युक्तिवाद तिथेही झाला होता. न्यायालयाला तो पुरेसा वाटला नाही.

महाराष्ट्रात काही भागांत स्थानिकांसाठी तरतूद आहे, पण ती पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रापुरती, राज्यपालांच्या अधिसूचनेने. रत्नागिरी जिल्हा त्यात येत नाही.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. जिल्ह्याची भिंत घातली, तर बीडच्या हुशार मुलीला रत्नागिरीत संधी नाही आणि रत्नागिरीच्या मुलाला ठाण्यात नाही. ज्या जिल्ह्याने शतकभर आपली माणसं मुंबईला पाठवली, त्याने ‘बाहेरचे नकोत’ म्हणणं जरा अवघडच.

१४ मुलांना एक शिक्षक: चैन की टंचाई?

आता मोजमापाचा प्रश्न. माझ्या मते खरी मेख इथे आहे.

रत्नागिरी हा लोकसंख्या घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांपैकी एक. २००१ मध्ये १६,९६,७७७ माणसं होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, कारण पुरुष मुंबईत. आता कुटुंबंच्या कुटुंबं जातात. जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा सुमारे अडीच हजार, आणि त्यातल्या कितीतरी शाळांचा पट विशीच्या आत. २०२३ मध्ये समूह शाळांचा विषय निघाला तेव्हा राज्यातलं चित्र समोर आलं: २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक.

हा आकडा वाचून कुणीही भागाकार करेल. सहा-सात मुलांमागे एक शिक्षक! एवढी चैन कशाला?

आता एक उदाहरण घेऊ. समजा, वाडीवरची पहिली ते पाचवीची शाळा आहे आणि पट १४. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. मुलं पाच असोत की पंचावन्न, शिक्षक दोन. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं.

शिक्षक एकच असेल, तर पाच वर्गांत २४० मिनिटं वाटून प्रत्येक वर्गाला ४८ मिनिटं मिळतात. त्यात भाषा, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास धरले, तर विषयाला १२ मिनिटं. दुसरा शिक्षक असेल, तर हेच दुप्पट होतं. उरलेला वेळ मुलं स्वतः लिहितात, वाचतात, किंवा नुसती बसतात.

शहरातल्या ३० मुलांच्या वर्गात शिक्षिका सलग ४० मिनिटं तिसरीचं गणित शिकवते, तेव्हा तिसरीची तिसांची तीस मुलं ते ऐकतात. वाडीवरच्या शाळेत १४ मुलांमागे एक शिक्षक असूनही तिसरीच्या दोन मुलांना गणिताचा शिक्षक १२ मिनिटं मिळतो. कागदावर चैन, वर्गात टंचाई.

बहुवर्ग अध्यापन जमतच नाही, असं नाही. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीने त्यासाठी शिडीसारख्या पायऱ्यांचं साहित्य तयार केलं. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळांनी मुलांना गटात, कृतीतून शिकवून दाखवलं. पण ते प्रशिक्षण, साहित्य आणि तिथे काही वर्षं टिकणारा शिक्षक मागतं. तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाकडून ती अपेक्षा कशी करायची?

आणि धोरण कुठे चाललंय? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी वीसपर्यंत पट असलेल्या शाळेतलं दुसरं नियमित पद हमखास ठेवलं नाही. सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचीही पदं धोक्यात आली. शिक्षक संघटनांचा रोष त्यावर होता आणि आहे. देशात २०२४-२५ मध्ये १,०४,१२५ एकशिक्षकी शाळा होत्या. त्यातल्या ८,१५२ महाराष्ट्रात.

एकशिक्षकी शाळेचं साधं गणित असं की तो शिक्षक आजारी पडला, तर शाळा आजारी पडते. केंद्रावर बैठक असली, तर शेजारच्या शाळेतून कुणाला तरी पाठवायचं, नाहीतर सुट्टी.

शिकवण्याशिवाय बाकी सगळं

त्या एकट्या शिक्षकाच्या टेबलावर दुसरं काय असतं? पोषण आहाराची रोजची नोंद, सरल, यू-डायस, मुलांचं आधार, ‘अपार’ आयडी, शिष्यवृत्तीचे अर्ज, नवसाक्षर सर्वेक्षण, अभियानांचे फोटो, आणि मतदार यादीचं बीएलओचं काम. रेंज नसेल, तर यातलं बरंच काम घरी किंवा सड्यावर जाऊन.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी विभागणीही केली. तरी २०२७ ची जनगणना आणि निवडणुका या कायद्याने मान्य असलेल्याच कामांत मोडतात. दहा शिक्षकांच्या शाळेतून दोघे गेले तर शाळा चालते. एकाच्या शाळेतून एक गेला तर?

टीईटीचा निकाल: पुढचं वळण

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आला. ज्या कार्यरत शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायची, नाहीतर सेवा संपणार. पाच वर्षांहून कमी सेवा राहिलेले टिकतील, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहे. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. म्हणजे त्याआधी लागलेली, पंधरा-वीस वर्षं शिकवलेली पिढी आता १५० पैकी ९० गुणांसाठी अभ्यासाला बसली. आरक्षित प्रवर्गांना यात थोडी सवलत आहे. ५ डिसेंबर २०२५ ला याच निकालावरून आणि संचमान्यतेवरून शिक्षकांनी राज्यभर शाळा बंद ठेवल्या.

मुलांना पात्र शिक्षक मिळावा, यात चूक काही नाही. पण कोकणासाठी याचा अर्थ वेगळा आहे. २०१२ नंतर सात वर्षं भरती नसल्याने इथे टिकून राहिलेल्यांत जुने लोक बरेच आहेत. त्यातले काही जरी बाहेर पडले, तरी त्या जागा भरायला पुन्हा तेच पोर्टल, तीच चाचणी, तीच वाट. तोवर वर्गात कोण?

मग करायचं काय?

एकच जालीम उपाय नाही. पर्याय तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची किंमत आहे.

समूह शाळा: छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी, सोयीची शाळा. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं दिली जातात. पाली, हातखंबा अशा महामार्गावरच्या गावांभोवती हे काही ठिकाणी शक्य दिसतं. पण महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कोकणातला एक किलोमीटर म्हणजे चढ, पऱ्या आणि साकव. जुलैच्या पावसात सहा वर्षांच्या मुलाने तो कसा पार करायचा, याचं उत्तर गाडी आहे. गाडी रोज, वर्षानुवर्षं येणार असेल तरच ते उत्तर.

वर्गांवर आधारित संचमान्यता: पट कितीही असो, पाच वर्गांना दोन शिक्षक, ही कायद्यातली मूळ हमी पाळणं. खर्च आहे. पण हा खर्च टाळला, तर त्याची भरपाई १२ मिनिटांतून होते.

केंद्रपातळीवर राखीव शिक्षक: राज्यात ४,८६० केंद्रं आखलेली आहेत. प्रत्येक केंद्रात एक-दोन फिरते नियमित शिक्षक असतील, तर बैठक, आजारपण किंवा प्रसूती रजेत शाळेला कुलूप लागणार नाही.

टिकणाऱ्याला बक्षीस: स्थानिकांना जादा गुण देता येत नाहीत, पण दुर्गम वाडीवर राहणाऱ्याला, मग तो कुठलाही असो, घर, भत्ता आणि पुढच्या बदलीत प्राधान्य देता येतं. जन्म कुठे झाला यापेक्षा किती वर्षं राहिला, हे मोजायचं. यात घटनेची भिंत आडवी येत नाही.

तुम्ही पालक असाल, तर हे विचारा

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. बैठकीत सहीपुरतं जाऊ नका. चार गोष्टी विचारा.

एक, आपल्या शाळेची यंदाची संचमान्यता काय? मंजूर पदं किती, भरलेली किती? हा कागद लपवण्याचा नाही.

दोन, ३० सप्टेंबरच्या पटात आपली सगळी मुलं आहेत का, आणि त्यांचं आधार प्रमाणित झालंय का? एका मुलाच्या नावातली चूक पट खाली आणू शकते आणि पटाबरोबर पद जाऊ शकतं.

तीन, आपला शिक्षक कायम आहे, शिक्षण सेवक आहे की तात्पुरता? त्याची मुदत कधी संपते? मार्चमध्येच कळलं तर जूनमध्ये धावपळ होत नाही.

चार, गेल्या वर्षी शिक्षक शाळेबाहेरच्या कामाला किती दिवस होते? वही काढून मोजा. तक्रार करताना ‘खूप दिवस’ म्हणण्यापेक्षा ‘३१ दिवस’ म्हटलेलं गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही टाळता येत नाही.

टीईटीची मुदत ऑगस्ट २०२७ अखेर संपते. मधल्या काळात संचमान्यता होतील, बदल्यांच्या याद्या लागतील, कदाचित आणखी एक भरतीही होईल. दर वेळी बातमी एकच आकडा सांगेल: किती मुलांमागे किती शिक्षक. तो वाचलात की पुढचा प्रश्न तुम्ही विचारा: एका शिक्षकामागे किती वर्ग?